दुपारी दोन ते साडेसहा : म्हापशाच्या वेशीवरील एका बालकेंद्राचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या घरामागच्या भाटातले, म्हणजे बागायतीतले, माड कापून बंगल्यांचे काम सुरू झाले, आणि कामाबरोबर राखणदाराचे कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहायला आले. नवरा-बायको बागलकोटकडचे, पदरात दोन मुले. मुलगी जवळच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत जाऊ लागली. आपल्याकडे गोव्यात प्राथमिक शाळा सकाळच्या. दुपारी एकच्या आत सुटतात, आणि आईवडील दोघेही कामावर असतील तर अंधार पडेपर्यंत मुलांनी काय करावे, याचे उत्तर कोणाकडेच नसते. ही मुलगी दप्तर खांद्यावर तसेच ठेवून रेतीच्या ढिगाऱ्यावर बसायची आणि धाकट्या भावाला लोखंडी सळ्यांपासून ओढून बाजूला घ्यायची. सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवलेल्या बाईला हे रोज खिडकीतून पाहणे सोसवत नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे. आमच्या मागे मोजून सात होत्या. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची, आणि तीही सकाळची. चौकशी करता करता म्हापशाच्या वेशीवर एक परदेशी मिशनरी कुटुंब चालवीत असलेल्या बालकेंद्राविषयी कानावर आले. त्या केंद्राच्या दहा महिन्यांच्या अनुभवावर हे लिहीत आहे. मुलांच्या जागेचा पत्ता चारचौघांत फिरू नये असे तेथील लोकांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते, म्हणून केंद्राचे नाव देत नाही. परिसरातील प्राथमिक शाळांच्या शिक्षकांना विचारले तर ते सांगतात.

केंद्र म्हणजे भाड्याने घेतलेले एक जुने कौलारू घर आहे. पुढे बालकांव, म्हणजे बसायचे सोपे असलेली ओसरी, मागे विहीर आणि फणसाचे झाड, मधल्या तीन खोल्यांत साधारण चाळीस मुले. वय पाच ते बारा. वेळ दुपारी दोन ते साडेसहा, रविवारी सुट्टी, शुल्क काहीही नाही. कागदोपत्री ते एका स्थानिक विश्वस्त संस्थेचे आहे. दोन शिक्षिका आणि एक स्वयंपाकीणही इथल्याच आहेत. परंतु रोजचा गाडा ओढणारे दोघे नवरा-बायको ब्राझीलचे असून आपल्या दोन मुलांसह, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, त्याच घराच्या मागच्या भागात राहतात.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झगा घातलेला पाद्री किंवा सिस्टर उभी राहते. बायको-मुलांसह संसार मांडून राहणारा मिशनरी गोव्यातल्या माणसाला नवा आहे, आणि नवा म्हणूनच संशयाचा आहे. हे लोक कॅथलिक नव्हेत. त्यांच्या पंथाच्या लोकांना इकडे सरसकट ‘बिलिव्हर्स’ म्हणतात, आणि तो शब्द हिंदू घरात उच्चारला काय किंवा कॅथलिक घरात उच्चारला काय, त्यात कौतुक नसते. माझ्या मनातला संशय मात्र धर्माचा कमी आणि वेगळ्याच गोष्टीचा अधिक होता. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या एका माणसाला १९९१ मध्ये अटक झाली आणि मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली, हे माझ्या पिढीतील कोणी विसरलेले नाही. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा स्वतंत्र कायदा केला, तरी परदेशी माणूस गरिबाच्या मुलाला कडेवर घेताना दिसला की आमच्या पोटात आजही कालवते. दुधाने तोंड पोळलेली माणसे आहोत आम्ही.

त्यामुळे पहिल्या दिवशी मी खेळणी किंवा भिंतीवरची चित्रे पाहिली नाहीत, दारे पाहिली. प्रत्येक खोलीच्या दाराचा वरचा अर्धा भाग काढून टाकलेला आहे, म्हणजे कोणत्याही खोलीत काय चालले आहे ते बालकांवातून दिसते. मुलांच्या मोऱ्या वेगळ्या, मोठ्यांच्या वेगळ्या. कोणतेही मूल रात्री तेथे राहत नाही. मुलांना ठेवून घ्यायचे असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते, आणि त्या फंदात पडायचे नाही असे संस्थेने आरंभीच ठरवलेले आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत, मुलाच्या नजरेच्या उंचीवर रंगवलेला आहे. प्रौढांच्या उंचीवर लावलेली अशी पाटी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, मुलाच्या उंचीवर प्रथमच पाहिली.

सर्वांत लक्षात राहिली ती चोपडी. म्हापशाच्या बाजारात दुकानदारांसाठी मिळते तशी लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट हिशेबाची वही. प्रत्येक मुलाचे एक पान. पानाच्या माथ्याला त्या मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्या दोन माणसांची छायाचित्रे डकवलेली, खाली रोजची ओळ : आल्याची वेळ, सोबत कोण, अंगात ताप किंवा अंगावर जखम आहे का, गेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही किंवा अंगठा. एका संध्याकाळी आमच्या राखणदाराच्या मुलीला न्यायला तिचा सख्खा मामा आला. मुलगी ‘मामा’ म्हणून धावली, मीही त्याला ओळखत होते, तरी केंद्राने मुलगी सोपवली नाही, कारण पानावर त्याचे छायाचित्र नव्हते. मामा तापला, कानडीत बरेच बोलला, मीही मध्ये पडून रदबदली केली. ब्राझिलियन बाई मोडक्या हिंदीत एकच वाक्य पुनःपुन्हा सांगत राहिली, की आईला फोन लावला आहे, आई येईल. आई सिमेंटच्या हातांनीच साडेसातला आली आणि तिने अंगठा उठवला तेव्हा मुलगी बाहेर पडली. त्या वेळी मला या ताठरपणाचा राग आला होता. घरी येऊन विचार केल्यावर वाटले की आपल्या शाळेत निम्मी मुले कोणाचा ना कोणाचा हात धरून जात असत आणि आपण कधी विचारलेही नाही.

धर्माविषयी मी आडपडद्याने विचारले नाही. तुम्ही इथे माणसे बाटवायला आला आहात का, असेच विचारले. नवरा रागावला नाही. आपण श्रद्धेपोटी देश सोडून आलो आहोत हे लपवणार नाही, परंतु मुलाच्या भुकेला अट घालणे हे आपल्या श्रद्धेतच पाप आहे, असे त्याने सावकाश, शब्द शोधत सांगितले. प्रत्यक्षात मी जे पाहिले ते असे : जेवणापूर्वी मुले क्षणभर डोळे मिटून आपापल्या भाषेत आभार मानतात; कोणी यल्लम्मा म्हणते, कोणी नुसतेच डोळे मिटते. त्यांची रविवारची प्रार्थना मागच्या घरात होते आणि मुलांना तिचे बोलावणे नसते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, केंद्र पाच दिवस बंद असते. एका आईने प्रसाद आणला तेव्हा नवऱ्याने स्वतः घेतला नाही आणि तसे हसून सांगितलेही, पण मुलांना वाटायला आडकाठी केली नाही. हा व्यवहार मला प्रामाणिक वाटला. तरीही एक गोष्ट नोंदवून ठेवते. जो माणूस रोज हाताने वाढतो त्याच्या देवाकडे मूल आपोआप कुतूहलाने पाहू लागते, आणि हे कोणत्याही चोपडीत लिहून ठेवता येत नाही. पालकांनी हे समजून मुलाला पाठवावे.

जेवणाविषयी मात्र हात आखडता न घेता लिहावेसे वाटते. सुरुवातीच्या काळात मुलांना पावाला परदेशी धर्तीचे शेंगदाण्याचे लोणी फासून देत असत, आणि मुले ते गुपचूप फणसाखाली टाकत असत. डिचोलीकडची स्वयंपाकीण आली तिने पहिल्या आठवड्यातच उरलेल्या डब्यांत लसूण आणि सुकी मिरची कुटून घालून त्याची चटणी केली. घाटावरच्या मुलांना घरच्या शेंगाचटणीची चव लागली आणि डबे संपले. आता आठवड्यातून दोनदा उकड्या तांदळाची पेज आणि चवळी, दोनदा अळसाण्याचे तोणाक (कडधान्याचा रस्सा) आणि पाव, बुधवारी उकडलेले अंडे, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून येईल ती भाजी आणि भात असा बेत असतो. ताटली ज्याची त्याने धुवायची. परदेशी कुटुंबाची मुलेही याच पंगतीत, याच स्टीलच्या ताटल्या घेऊन बसतात. नऊ वर्षांचा मुलगा ताटली धुताना राख जास्त घेतो म्हणून आमच्या राखणदाराच्या मुलीने त्याला कोकणीत दटावलेले मी ऐकले आहे. आमच्या मुलीची भाषा कानडी, त्याची पोर्तुगीज, आणि भांडण कोकणीत.

भाषेचा हा गुंता या केंद्राचे बलस्थान आहे आणि दुबळी बाजूही. बलस्थान असे की ब्राझिलियन बाईला लवकरच कळले, आपली अर्धी शिदोरी इथे आधीच पोहोचलेली आहे. पाव, चावी, साबण, बटाटा, कोकणीतले जनेल, हे सगळे तिचेच शब्द. ती एकेक वस्तू उचलते, आपला उच्चार करते, मुले आपला करतात आणि हास्याचा कल्लोळ होतो. काजू तर शब्दासकट त्यांच्याकडून आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून हे झाड इथे आणले. एप्रिलमध्ये शेजारच्या भाटकाराने, म्हणजे बागायतीच्या मालकाने, काजूच्या बोंडूंची टोपली पाठवली तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याच्या गावी बोंडूचा रस लिंबाच्या सरबतासारखा घरोघर पितात. आपल्याकडे बोंडू दिसला की माणसाला हुर्राक आणि फेणी ही काजूची दारू आठवते. त्याने रस गाळून मुलांना दिला. घसा धरला म्हणून अर्ध्यांनी तोंडे वेडीवाकडी केली, स्वयंपाकिणीने ‘हा तर नीरो’, म्हणजे बोंडूचा ताजा रस, म्हणून दोन पेले घेतले.

दुबळी बाजू अभ्यासाची आहे आणि येथे माझी तक्रार खरोखरच मोठी आहे. या मुलांच्या घरी कानडी किंवा लमाणी, शाळेत मराठी किंवा कोकणी, आणि केंद्रात गृहपाठ घेतला जातो तो हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात. नवरा-बायकोंनी आल्यावर पहिली दोन वर्षे खपून हिंदी शिकून घेतली. कोणी सल्ला दिला कोण जाणे, पण ज्या मुलांसाठी शिकली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात ती नाही आणि शाळेच्या पुस्तकातही नाही. पुस्तकांचे कपाट देणगीच्या इंग्रजी पुस्तकांनी भरलेले आहे, ज्यांत बर्फाची घरे आहेत, खारी आहेत, लोकरीचे हातमोजे आहेत. मराठी पुस्तके गेल्या जूनमध्ये अकरा होती, त्यांतल्या चारांची पाने सुटलेली. परिणाम असा की आमच्या मुलीला दिवाळीपर्यंत इंग्रजी बडबडगीते तोंडपाठ झाली आणि ‘रस्ता’ या शब्दातील जोडाक्षरावर ती तशीच अडखळत राहिली. याच गोव्यात १५७९ मध्ये उतरलेला थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट मराठी ओव्या रचण्याइतकी भाषा शिकला, हे मी त्यांना थोडे टोचूनच सांगितले. बाईने ते नाव वहीत लिहून घेतले आणि पुढच्या आठवड्यात मला विचारले, मग तुम्ही मंगळवारी याल का? तेव्हापासून मी मंगळवारी जाते. वाचकाने माझ्या परीक्षणातील पक्षपात यावरून वजा करून घ्यावा.

मंगळवारच्या या फेऱ्यांमुळे त्या कुटुंबाचे जगणे जवळून पाहायला मिळाले, आणि या सेवेचे मोल करताना ते वगळता येत नाही. शेवटचे मूल साडेसहाला गेले की बालकांवाच्या सोप्यावर मोबाइल उभा करून चौघे बसतात. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. एकदा पावसाची सर थांबण्याची वाट पाहत मी बाजूला उभी होते. पडद्यावरच्या आजीने नातवाला बहुधा काय जेवलास असे विचारले असावे, कारण त्याच्या भरधाव पोर्तुगीजमध्ये मध्येच ‘पेज’ हा शब्द आला आणि आजीला तो कळेना, म्हणून त्याने दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून दाखवला. मुलगा इथे रुळला आहे. तू कुठला असे कोणी विचारले तर तो म्हापशाचा म्हणून सांगतो.

बारा वर्षांच्या मुलीचे तसे नाही. दोघांचे शिक्षण सकाळी घरीच आईकडे चालते, त्यामुळे तिच्या मैत्रिणी म्हणजे केंद्रातल्या मुली, आणि या मुलींच्या बापांचे काम संपले की बिऱ्हाड उचलले जाते. आज वेणी घालून दिलेली मुलगी उद्या पर्वरीला किंवा हुबळीला निघून गेलेली असते, आणि निरोप घेण्याइतका वेळही नसतो. गेलेल्या मैत्रिणींची नावे तिने आपल्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवली आहेत. ‘हे आयुष्य आम्ही निवडले, तिने नाही,’ असे तिची आई मला एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली आणि विषय बदलला. लोक मिशनऱ्यांच्या त्यागाविषयी भरभरून बोलतात. त्या दाराविषयी मी कोणाला बोलताना ऐकलेले नाही.

शिवाय व्हिसाची टांगती तलवार आहेच. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाला आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि मुदतवाढीच्या वेळी भाडेकरारापासून छायाचित्रांपर्यंत सगळी चळत पुन्हा जमवावी लागते. ते दिवस जवळ आले की नवरा मुलांशी खेळताना हरवल्यासारखा असतो. त्यांचा स्वतःचा चरितार्थ मायदेशातील प्रार्थनामंडळांनी दरमहा पाठवलेल्या लहान-लहान रकमांवर चालतो; केंद्राचा खर्च मात्र संस्थेच्या हिशेबात वेगळा आहे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलेली आहे. हे सांगण्याचे कारण असे की ‘परदेशातून पोत्याने पैसा येतो’ हा जो आपल्याकडचा आवडता समज आहे, तो बालकांवातल्या फळ्यापुढे उभे राहिले की टिकत नाही. तेथे तांदूळ, अंडी, गॅस, भाडे, दोन पगार असा महिन्याचा खर्च खडूने लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत उसनवारी असते.

आता जे खटकले ते. डिसेंबर-जानेवारीत परदेशातून पाहुण्यांचे गट येतात. दोन आठवडे राहतात, भिंती रंगवतात, मुलांना मांडीवर घेतात, जाताना डोळ्यांत पाणी आणतात. त्यानंतर पुढचा महिनाभर मुले ‘ती दीदी कधी येणार’ असे विचारत राहतात आणि नव्या भिंतीला टेकायची चोरी होते. छायाचित्रांचा सुळसुळाट असतो तो वेगळाच. मी बोलले. बाईने मान्य केले की दरमहा मायदेशी पाठवायच्या पत्राला छायाचित्रे लागतात, त्यावरच त्यांची चूल पेटते. पाहुण्यांनी यापुढे स्वयंपाकघरात आणि बागेत काम करावे, मुलांचे चेहरे टिपू नयेत, असा नियम त्यानंतर झाला. नियम दारावर लावलेला आहे. तरीही फेब्रुवारीत एका पाहुण्याच्या हातात फोन आणि फोनसमोर आमची मुलगी मी पाहिली. या बाबतीत केंद्राने चोपडीइतकाच ताठरपणा दाखवायला हवा.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. हे सारे चार माणसांच्या खांद्यांवर उभे आहे. काही वर्षांनी एकदा या कुटुंबाला मायदेशी जाऊन मंडळांना भेटून पुढच्या वर्षांची तजवीज करावी लागते. ती वेळ येत्या पावसाळ्यात आहे : जून ते सप्टेंबर. त्या काळात दोन शिक्षिका केंद्र साडेचारपर्यंतच चालवतील, जेवणाऐवजी केळे आणि बिस्किटे मिळतील. पावसाळ्यात काम कमी असते हे खरे, पण पत्र्याच्या खोलीत चिखल आणि विजेच्या उघड्या तारा याच दिवसांत असतात. विश्वस्त मंडळातील स्थानिक माणसे सभ्य आहेत, सह्या वेळेवर करतात. परंतु मुलाच्या कपाळाला हात लावून ताप पाहणारा त्यांच्यातला एकही मला भेटला नाही. मुले आपल्या गावात, मजुरी आपल्या घरांच्या बांधकामाची, आणि दुपारी त्यांना सांभाळायला माणूस ब्राझीलहून यावा लागतो, हे मी घरी बोलून दाखवले तेव्हा आमच्याकडेही कोणी काही बोलले नाही.

गुण द्यायचेच झाले तर सुरक्षिततेला पाचपैकी पाच, जेवणाला पाच, अभ्यासाला दोन, आणि सातत्याला अडीच. एवढे असूनही कामावरच्या कोणत्याही आईला मी आजच तेथे घेऊन जाईन.

आमच्या मागच्या बंगल्यांना आता रंग लागतो आहे आणि राखणदाराला पुढचे काम पेडण्याकडे मिळाले आहे. केंद्राने मुलीच्या नावे एक कागद करून दिला आहे : दहा महिन्यांची हजेरी, वजन-उंचीचा तक्ता, कोणती लस झाली, वाचन कोठपर्यंत आले. वाचनाची ओळ मी लिहिली. पेडण्याच्या शाळेत तो कागद कोणी वाचेल की नाही हे तेथील बाईंवर आहे. मी फोन करून ठेवला आहे.

प्रवेश मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होतात. मुकादमाने किंवा ठेकेदाराने नेलेले मूल घेत नाहीत, आईला किंवा वडिलांना स्वतः जावे लागते. आधार कार्ड नसले तरी चालते, शाळेत नाव नसेल तर ते घालून देण्यासाठी एक शिक्षिका सोबत येते. मुलाला न्यायला येणाऱ्या दोघांची छायाचित्रे मात्र लागतात, आणि त्यांत मामाचे एक असू द्यावे.